गोजराचा रफार

पौड फाट्याच्या थांब्याजवळ विजेच्या खांबाला डकवलेलं पत्रक सोपान ओव्हाळनं वाचलं नाही, आधी ओळखलं. गर्दीत पाठमोरा भाऊ चालीवरून ओळखू यावा तसं. अक्षरं त्याची होती. ळ उजवीकडे कलंडलेला, ध जरा पोटातून खपाटीला गेलेला, आणि ज्ञ असा की ठाऊक नसलेल्याला तो चिरडलेला कोळी वाटावा. कंपनीच्या कॉम्प्युटरसमोर बसून ठिपका ठिपका मांडून त्यानंच ती घडवली होती, आणि पोराचं फेंगडं पाऊल बापाला ऐटदार वाटावं तसा त्याला तो कलंडलेला ळ आवडायचा. म्हणून खांबाशी उभं राहून तो क्षणभर सुखावलासुद्धा. मग त्याची नजर तिसऱ्या ओळीवर गेली. तिथं 'मोर्चा' असा शब्द होता आणि त्याच्या डोक्यावर रफार होता. नीट, टोकदार, कुणाला न टेकणारा रफार. ऑफिसला जाणारी बस आली, थांबली, निघून गेली. सोपान बोटानं तो रफार पुसून पाहत होता. कुणी पेनानं काढला असेल तर जाईल, असं त्याला वाटत होतं. तो गेला नाही. छापलेला होता.

रफार त्याला जमला नव्हता. कित्येक महिने. र चा तो कोयत्यासारखा तुकडा बोलताना आधी येतो आणि कागदावर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, ही गोष्ट माणसाला शाळेत एकदा सांगितली की जन्माची समजते, पण यंत्राला सांगायला गेलं की ते र्चा च्या जागी दोन डोळ्यांचं काहीतरी छापायचं. जेवताना भाकरीच्या कडेला त्याला रफार दिसायचे. आणि इथं, धुळीच्या खांबावर, कुणीतरी तो सहज काढून वर खळ लावून चिकटवून गेलं होतं. खाली सही होती हैबतराव पाटलांची, 'माले ग्राम विकास मंडळ' ह्या नावाखाली. सर्व ग्रामस्थांनी मोर्चास हजर राहावे. सर्व. तिथंही होता. लाजिरवाणी बाब अशी की हैबतराव सोपानच्या मालेतल्या वस्तीच्याच विरोधात मोर्चा काढताहेत हे त्याच्या ध्यानात आलं ते रफार मोजून झाल्यावर. तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि पौडच्या एस.टी.त बसला.

प्रोग्रॅमचं नाव गोजरा. कॉम्प्युटरवर मराठी लिहायचं आणि ठिपक्यांच्या प्रिंटरवर छापायचं, एवढंच त्याचं काम. साहेबांनी विक्रीसाठी 'देवलिपी' असं भारदस्त नाव ठरवलं होतं, पण चालू करायला 'गोजरा' हाच शब्द टाइप करावा लागे. गोजराबाई त्याची आई. उतारवयात ती सही करायला शिकली तेव्हा शेवटचा काना द्यायचा विसरायची आणि मग अंगठ्यानं तो रागारागानं ओढायची. ती गेली त्या साली ऑफिसात अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठातून एक टेप आली. तिच्यात कामाचा एक प्रोग्रॅम होता आणि सोबत, कुठल्याही मालाबरोबर सोपाननं कधी वाचला नव्हता असा मजकूर. ह्याची नक्कल करा, शेजाऱ्याला द्या, मोडलं असेल तर दुरुस्त करा आणि दुरुस्ती इतरांना सांगा, फक्त ह्याला कुलूप लावू नका. साहेब म्हणाले, "अमेरिकेतसुद्धा वेडे असतात म्हणायचे." सोपानला त्यात वेडेपणा काही दिसला नाही. वस्तीत जयंतीची गाणी अशीच चालत. जांब्याच्या कुणी केलेलं गाणं पौडला येईतो दोन कडव्यांनी वाढायचं, मालेला पोचेतो चाल बदलायची, आणि मूळ गाणं करणारा समोर बसून टाळ्या वाजवायचा. फार बिघडलं तर तेवढ्यापुरता कपाळाला हात लावायचा. ऑफिस सुटल्यावर, साहेबांच्या परवानगीनं, सोपाननं गोजरा लिहिलं तेव्हा त्यानंही सुरुवातीला तोच मजकूर मराठीत घातला. खाली एक ओळ वाढवली: दुरुस्त करणाऱ्यानं आपलं नाव लिहावं, आधीचं खोडू नये.

पहिली फ्लॉपी त्यानं कोंडिबाला दिली. कोंडिबा एस.टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर, वस्तीच्या समितीचा सचिव. मालेचं गायरान हैबतरावांनी पुण्याच्या एका बंगले बांधणाऱ्याला दाखवून आणलं होतं. सरकारी मोजणी होऊन ते एकदा गावठाणाला जोडलं गेलं, की वस्तीची गुरं आणि कडेची नाचणी दोन्ही गेली. समितीला पत्रकं काढायची होती, आणि पत्रकं गोजरावर निघू लागली; पुण्याला जाऊन छापून आणतो, असं कोंडिबा सांगायचा. पण गोजराला रफार नव्हता. म्हणून संघर्ष समितीची झुंज समिती झाली. मोर्चा म्हणता येईना, म्हणून 'कचेरीवर चालत जायचं आहे' असं छापलं. वर्षाचं साल झालं, मार्गाची वाट, दुर्लक्षाचा काणाडोळा, अर्जाऐवजी नुसतं 'मागणं'. धर्माची अडचण आली नाही, कारण वस्ती बौद्ध, धम्मावर भागत होतं. गंमत अशी की पत्रकं लोकांना कळायला लागली. पूर्वीची पत्रकं कोंडिबा वाचून दाखवायचा आणि मग समजावून सांगायचा. आता नुसतं वाचून भागायचं, त्यामुळे तो जरा खट्टू असायचा.

भूगाव गेलं, पिरंगुट आलं. ह्या रस्त्यावर सोपानची जीभ बदलायची. तो बोलत नसला तरी बदलायची. आत कुठंतरी आहे चं हाय होत जायचं आणि पिरंगुटच्या पुढं तो मनातल्या मनातसुद्धा मालेचं बोलायचा. परत येताना उलट. मधल्या टापूत त्याला कुठलीच भाषा नसायची आणि तेवढा वेळ तो खिडकीतून बाहेर बघायचा. आज त्या टापूत एकच गोष्ट होती. कुणी काढला असेल? सोमवारी साहेब मुंबईहून येणाऱ्या अधिकाऱ्यांना देवलिपी दाखवणार होते. दोन गोष्टी हव्यात म्हणाले होते, रफार आणि कुलूप. कुलूप म्हणजे कंपनीची मूळ फ्लॉपी आत घातल्याशिवाय प्रोग्रॅम चालायचा नाही. कुलूप सोपाननं एका दुपारी लिहून टाकलं होतं. ते इतकं सोपं निघालं की त्याला स्वतःची शंका आली. नको ते कसं पटकन जमतं, आणि रफार, जो प्रत्येक पोराच्या पाटीवर असतो, तो? हैबतरावांच्या पत्रकातल्या त्या माणसाचा त्याला हेवा वाटत होता. मग आपण हेवा करतोय तो शत्रूच्या माणसाचा, ह्याची लाज. मग, तो माणूस भेटला तर पहिल्यांदा काय विचारायचं, ह्याची मनात जुळवाजुळव. पौड आलं तेव्हा त्याचे प्रश्न तयार होते आणि भांडण तयार नव्हतं.

भांडण स्टँडवरच उभं होतं. फुलाबाई, त्याची आत्या, कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर समितीच्या बायकांबरोबर बसली होती. तिनं त्याला बघितलं आणि पदर खोचला.

"आला का पाटलाचा छापखाना," ती म्हणाली.

"आत्या, काय झालं?"

"हे काय झालं." तिनं तेच पत्रक पुढं धरलं. ती प्रौढ शिक्षणात वाचायला शिकली होती आणि शिकल्यापासून तिनं काही सोडलं नव्हतं, एस.टी.च्या तिकिटामागचे नियमसुद्धा वाचायची. "अक्षरं तुजी हायेत का न्हाईत?"

"हायेत."

"ह्यो मोर्चा. बघ कसा डोक्यावर तुरा घिऊन हुबा हाय. आन् आमी सा म्हैनं काय करतोय? चालत जातोय. आपल्या मान्सांना लंगडी अक्षरं आन् पाटलाला धडधाकट. किती वाईट दिसतं त्ये, सोपाना."

"मी न्हाई दिली, आत्या. ती फ्लॉपी कुनीबी उतरून घिऊ शकतंय. मीच तसं लिवलंय वरती. घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या."

फुलाबाईनं हे नीट ऐकलं. ती रागात असली तरी ऐकायची, तेच अवघड होतं. "म्हंजी गायरान हाय म्हन तुजं त्ये."

"व्हय. तसंच."

"आन् कुंपन न्हाई."

"न्हाई."

"मग पाटलाची जनावरं शिरनारच की. एवडं शिकून तुला कळंना व्हय?"

बाकीच्या बायका हसल्या. सोपानही हसला असता, पण त्याला दिसलं की आत्या हसत नाहीये. ती वस्तीत त्याच्या वतीनं बोलत आली होती. तो पुण्याला राहिला, जयंतीला दरवेळी येत नाही, नीटनेटके कपडे घालून येतो, हे सगळं ती झाकत आली होती. आज तिला ते झाकायला काही सापडत नव्हतं. त्यानं कोंडिबाकडे पाहिलं. कोंडिबा टपरीच्या खांबामागं उभा राहून चहा पीत होता. कप रिकामा होता तरी पीत होता.

सोपाननं त्याला बाजूला, स्टँडच्या मागं नेलं. "कोंडिबा, तुमी पत्रकं छापायला पुन्याला कुटं जाता?"

कोंडिबानं कंडक्टरसारखी दोन्ही बाजूंना नजर टाकली. "पुन्याला न्हाई जात."

"मग?"

"हितंच. सारजेच्या टायपिंग क्लासात. मशीन पौडात तेवडं येकच हाय."

सारजा हैबतरावांची सून. सोपानला आधी कळलं, मग पटलं, मग हसू फुटलं आणि ते खोकल्यात दडवावं लागलं. गायरान वाचवायची सगळी पत्रकं हैबतरावांच्या सुनेच्या मशीनवर छापली जात होती. कोंडिबा पुढं सांगत होता, मान खाली घालून. तीन आठवड्यांमागं ती म्हणाली, तुमच्या फ्लॉपीत रफार नाही, मी घातलाय, ही नवीन घेऊन जा आणि ओव्हाळांना द्या. त्यानं घेतली नाही. "म्हनलं, आमी आमच्याच फ्लॉपीवरनं छापू. पाटलाच्या घरचा रफार आमाला नगं." तो थांबला. "आता हे फुलाबाईला सांगू नगंस. सा म्हैनं मी तिला पुन्याच्या भाड्याचं बोलत आलोय. पैशे न्हाई घेतलं, इमानानं सांगतो. नुसतं बोलत आलोय. लांबनं छापून आनलं म्हनलं की लोक पत्रक जपून वाचत्यात."

टायपिंग क्लास स्टँडपासून वरच्या आळीला होता. पुढं टाइपरायटरवर दोन मुली 'अबक' बडवत होत्या आणि मागच्या खोलीत, देवाच्या कोनाड्याखाली, कॉम्प्युटर. सारजा गणितात बी.एस्सी. झालेली, पुण्याची. लग्न होऊन पौडला आल्यावर तिचा बराचसा राग ह्या मशीनवर निघत असावा, असं तिच्या टाइप करण्यावरून वाटे. सोपाननं नाव सांगितलं. तिनं त्याला पायापासून वरपर्यंत पाहिलं.

"ओव्हाळ म्हणजे तुम्ही? मला वाटलं कुणी म्हातारे असतील. काय घाण लिहून ठेवलंय हो. एका गोष्टीला तीन नावं. दोन दिवस मी तुम्हाला शिव्या देत होते."

ह्या क्षणासाठी जुळवून ठेवलेले प्रश्न सोपानला आठवेनात. "रफार कसा काढला?" एवढंच त्यानं विचारलं, आणि ते पोरानं विचारावं तसं बाहेर पडलं.

"अक्षराला चिकटवायलाच गेले नाही. प्रिंटर आधी ओळीतले सगळे रफार छापत जातो, नुसतेच, हवेत. कागद हलत नाही. मग परत येऊन खाली अक्षरं छापतो." तिनं छापून दाखवलं. कोऱ्या कागदावर आधी दोनतीन कोयते उमटले, एकमेकांपासून लांब, कुणाच्याच डोक्यावर नसलेले. सोपान श्वास धरून बघत राहिला. मग सुई परत आली आणि त्यांच्याखाली शब्द आले. "वेळ दुप्पट लागतो," सारजा म्हणाली, "आणि रिबन लवकर संपते. आणि पानाची शेवटची ओळ जाते, ती का जाते मला कळलेलं नाही. ते तुमचं असणार."

ते तिचं होतं. त्यानं बसून ते शोधलं, तिनं मान्य केलं नाही, मग मान्य केलं. दोघं एका खुर्चीवरून दुसरीवर, एकमेकांच्या हातातून कळफलक ओढत काम करत होती आणि सोपानला आपण ऑफिसात नाही, रजा सांगितलेली नाही, आत्या टपरीवर बसलीय, ह्यातलं काही जाणवत नव्हतं. सुरुवातीच्या मजकुराखाली त्याचं नाव होतं आणि त्याखाली तिचं. नियमाप्रमाणे. वरती अजून 'गोजरा' होतं.

"नाव बदललं नाहीत?"

"तुम्हीच लिहिलंय ना, खोडू नये म्हणून."

तेवढ्यात दारातून हैबतराव आत आले. हातात मजकुराचा कागद, डोक्यावर पांढरं मुंडासं. सोपान उठला, गुडघे आपोआप उठले, त्यानं सांगायच्या आधी. हैबतरावांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "सूनबाई, गोजरा चालू हाय का बंद?" त्यांनी विचारलं. सोपानची आई ह्या माणसाच्या खळ्यात उभा जन्म पाखडत होती आणि तिला हाक मारायची तर "ए" म्हणत. आता ते गोजरा म्हणत होते, वीज आली का गेली विचारावं तसं, रोजच्या सवयीनं, आणि सोपानला ह्याचा आनंद व्हावा का राग यावा हे ठरेना.

"चालू आहे, मामंजी," सारजा म्हणाली. "ह्यांनीच लिहिलंय. गोजराबाई ह्यांच्या आई."

हैबतरावांनी आता सोपानकडे पाहिलं. "गोजरीचा व्हय तू," ते म्हणाले. मग आपला कागद घडी घालून खिशात ठेवला आणि न छापताच परत गेले.

टपरीवर येईतो दुपार झाली होती. सोपानच्या हातात रफाराची फ्लॉपी होती आणि कोंडिबा लांबून त्याच्याकडे असा बघत होता की जणू तिकीट न काढता बसलेला प्रवासी आपणच आहोत. कोंडिबाचं सांगून टाकणं सोपं होतं. खरंही होतं. सोपान फुलाबाईसमोर बसला आणि म्हणाला, "आत्या, मीच दिलंय. पाटलाला मीच दिलंय. कुना येकाला दिलं म्हंजी समद्यांना दिलं, हे मला म्हाईत हुतं. म्हाईत असून दिलं. फुडंबी देनार."

फुलाबाईनं ते पत्रक पुन्हा पुढं ओढलं. "आन् त्यो तुरा?"

"त्यो सारजेनं केला. ह्यो घे, तुलाबी दिलाय तिनं."

"तिनं कशापायी दिला?"

"मी तिला गोजरा दिली म्हनून."

सोपानच्या आईचं नाव ऐकून फुलाबाई चमकली. मग तिनं फ्लॉपी हातात घेऊन उलटसुलट केली, तिच्यावर वाचण्यासारखं काही नाही हे पाहून निराश झाली, आणि कोंडिबाला हाक मारली. "कोंडिबा, हे घ्या. आन् ह्याखेपी पुन्याला नगा जाऊ येवड्या लांब. सारजेकडंच छापा, रोजच्यासारकं." कोंडिबाच्या हातातून कप पडला. तिला सुरुवातीपासून ठाऊक होतं. तिच्या जावेची पोर त्याच क्लासात टायपिंग शिकत होती.

सोमवारी साहेबांनी विचारलं, रफार झाला का. झाला, सोपान म्हणाला, पण तो पौडच्या एका बाईंचा आहे, त्यांचं नाव वर ठेवावं लागेल आणि कुलूप लावता येणार नाही. साहेब म्हणाले, शनिवारी तू आजारी होतास का. मग म्हणाले, कंपनीच्या वेळेत लिहिलेला प्रोग्रॅम कंपनीचा असतो. सोपान म्हणाला, कंपनीची वेळ संपल्यावर लिहिला, आणि तसाही तो आता मुळशी तालुक्यात सगळीकडे गेलाय, आज कुलूप लावलं तर ते आपल्याच खोलीला लागेल. हे बोलताना भाषा कुठली येतेय ह्याच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. लक्ष गेलं तेव्हा तो 'समदीकडं' म्हणून बसला होता. साहेबांनी त्याला काढला नाही. पंखा नसलेल्या खोलीत, पगारपत्रकांच्या कामावर बसवला. अधिकाऱ्यांना देवलिपी रफाराशिवाय दाखवली गेली आणि त्यांनी पहिला शब्द टाइप करून पाहिला तो 'कार्यालय'.

मोर्च्याच्या दिवशी सोपाननं रीतसर रजा टाकली. दोन मोर्चे दोन बाजूंनी कचेरीवर आले. तहसीलदार बाहेर येऊन पायरीवर उभे राहिले, दोन्ही हातांत दोन पत्रकं. ते बदलून आलेले, नवे होते. त्यांनी एकदा ह्या हातातलं पाहिलं, एकदा त्या हातातलं. "दोन्ही एकाच ठिकाणची दिसतात," ते म्हणाले. "मागणी नक्की काय आहे, मोजणी करायची की नाही करायची?" दोन्हीकडून एकदम उत्तर आलं. तहसीलदारांनी कपाळ पुसलं आणि पावसाळा संपेपर्यंत मोजणी पुढं ढकलली. फुलाबाई म्हणाली, ढकलली म्हंजी जिंकलं न्हाई. कोंडिबा म्हणाला, हरलो बी न्हाई. त्यावरून त्या दोघांचं एस.टी. येईपर्यंत चाललं.

मालेकडे जाणारी शेवटची गाडी एकच होती, म्हणून दोन्ही मोर्चे तीत चढले. पाटलाची माणसं पुढं, वस्तीची मागं, आणि मधल्या बाकांवर ज्यांना जिथं जागा मिळाली ते. सोपानला खिडकी मिळाली. शेजारी कोण बसलं ते त्यानं वळून पाहिलं आणि पुन्हा बाहेर पाहू लागला. हैबतराव होते. गाडी सुटली, चढ लागला, दोघांचे खांदे वळणावळणाला एकमेकांवर आदळत होते आणि दोघंही ते होत नसल्यासारखे बसले होते. मग हैबतरावांनी खिशातून आपलंच पत्रक काढलं. हात लांब करून धरलं. जवळ आणलं. पुन्हा लांब केलं.

"आक्षार जरा मोठं करता येतं का रं?" त्यांनी पुटपुटत विचारलं, समोर बघत.

मोठं अक्षर सोपानच्या डोक्यात आधीच सुरू झालं होतं. प्रत्येक ठिपक्याचे चार ठिपके करायचे, तर तिरप्या रेघा जिन्यासारख्या दिसतील. कोपरे घासावे लागतील. सारजेला विचारलं पाहिजे. ह्या माणसाच्या डोळ्यांसाठी आपण कोपरे घासणार आहोत हे त्याला कळत होतं, आणि ते थांबवण्याचं बटण त्याला स्वतःत कुठंच सापडत नव्हतं.

"यील," तो म्हणाला.

मागच्या बाकावरून फुलाबाईनं त्याच्या खांद्याला हात लावला. "काय म्हनतोय त्यो?"

"आक्षार मोठं पायजे म्हनतोय."

फुलाबाईनं जरा विचार केला. गाडी चढावर कण्हत होती.

"कर," ती म्हणाली. "आमाला तरी कुटं धड दिसतंय."